गुन्हा पुसला गेला, पण भेटायचे कुठे?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला की, दोन सज्ञान व्यक्तींनी परस्पर संमतीने ठेवलेला समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. इंग्रजांनी १८६०च्या भारतीय दंड संहितेत घातलेल्या कलम ३७७ची धार त्या दिवशी गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर हे कलमच उरलेले नाही. त्यामुळे चळवळीतले अनेक कार्यकर्ते म्हणताना आम्ही ऐकतो, "त्यांचा प्रश्न सुटला की आता. कायदा तर झाला."

अस्पृश्यता १९५० साली राज्यघटनेने नष्ट केली. म्हणून आपला प्रश्न त्या वर्षी सुटला, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल का? कायदा बदलणे आणि समाजात माणूस म्हणून वावरता येणे यांच्यात किती अंतर असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

समलिंगी माणसांना आपली माणसे कशी सापडतात, ती भेटतात कुठे, भेटल्यावर त्यांच्यावर काय संकटे येतात आणि बौद्ध तरुणांचा या साऱ्याशी काय संबंध आहे, हे या लेखात आम्ही मांडत आहोत.

घरातच परके

जात आणि लैंगिकता या दोन गोष्टी सारख्या नाहीत. त्या एका मापाने मोजू नयेत. तरी एक फरक समजून घेतला तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

जातीमुळे शाळेत अपमान झालेले मूल संध्याकाळी घरी येते, तेव्हा आईबापांना त्याच्यावर काय गुदरले ते सांगावे लागत नाही. त्यांनीही तेच भोगलेले असते. वस्ती असते, विहार असतो, १४ एप्रिलची मिरवणूक असते, घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. बाहेर कितीही तुच्छता वाट्याला आली, तरी स्वाभिमान कुठून घ्यायचा हे त्या मुलाला कळत्या वयापासून माहीत असते.

समलिंगी मुलाला हे काहीच मिळत नाही. त्याचे आईबाप बहुधा त्याच्यासारखे नसतात. शेजारी नसतात, मामा-काका नसतात. आपल्यासारखे जगात दुसरे कोणी आहे हेच त्याला कित्येक वर्षे माहीत नसते. शिवी मात्र माहीत असते, कारण ती शाळेच्या मैदानावर आणि घरच्या हसण्या-बोलण्यात रोज कानावर पडते. म्हणजे ज्या घरात आधार मिळायचा, तिथेच सर्वात जास्त लपवावे लागते. मग लग्नाचे वय येते. नात्यातले लोक विचारू लागतात, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम ठरतो आणि नाही म्हणण्याचे कारण सांगता येत नाही. अशी कित्येक लग्ने झाली आहेत. त्यात त्या मुलाचे आयुष्य जाते आणि ज्या मुलीला काही न सांगता त्या घरात आणले तिचेही जाते.

म्हणून समलिंगी माणसाला आपला समाज जन्माने मिळत नाही, शोधावा लागतो. आणि शोधायचा तर भेटण्याची जागा लागते. सारा प्रश्न या जागेपाशी येऊन थांबतो.

जागा कशा तयार झाल्या

मुंबईचे उदाहरण घेऊ. १९९०च्या आधी या शहरात समलिंगी पुरुषांच्या भेटीच्या जागा म्हणजे बागा, समुद्रकिनारे, रेल्वे स्थानकांवरची शौचालये आणि लोकलचे काही ठराविक डबे. हे ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांसोबत राहणारा कामगार दुसरीकडे जाणार कुठे? बागेला भाडे लागत नाही, नाव विचारले जात नाही, इंग्रजी यावे लागत नाही. या जागांवर केवळ शरीरसंबंध शोधले जात नव्हते. तिथे मैत्री जमायची, कोणत्या गल्लीत धोका आहे ते कळायचे, कोणाला नोकरी लागली, कोणाचे घरच्यांनी लग्न लावले याच्या बातम्या मिळायच्या. स्वतःला 'कोती' म्हणवणारे बायकी वळणाचे पुरुष आपसांत एकमेकींना बहिणी मानत आणि आपल्या खास शब्दांत बोलत.

त्या जागा धोक्याच्याही होत्या. कलम ३७७खाली खटला क्वचितच उभा राहत असे. कलमाचा खरा उपयोग धमकी देण्यासाठी व्हायचा. घरी कळवतो, ठाण्यात नेतो, असे म्हटले की खिशातले पैसे, घड्याळ, पगार सगळे निघायचे. तक्रार करायला जाणार कुठे, कारण तक्रार करणाराच गुन्हेगार ठरायचा.

१९९० साली पत्रकार अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले. दूरच्या शहरांतल्या, गावांतल्या लोकांना त्यातून कळले की आपण एकटे नाही. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. सांताक्रूझ पूर्वेला वाकोला येथे महापालिकेच्या इमारतीत ट्रस्टला जागा मिळाली. समलिंगी माणसे दिवसाउजेडी, दार उघडून आत जाऊन बसू शकतील अशी ती जागा होती, आणि तीही सरकारी इमारतीत. १९९५ मध्ये मुंबईत समलिंगी स्त्रियांचा 'स्त्री संगम' हा गट तयार झाला. पुढे तो 'लेबिया' या नावाने ओळखला जाऊ लागला. १९९८ पासून 'गे बॉम्बे' या गटाने मेळावे, पार्ट्या आणि पालकांच्या भेटी घ्यायला सुरुवात केली. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि समलैंगिकतेवर सोप्या मराठीत पुस्तके लिहिली. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला आपल्याबद्दल आपल्या भाषेत, शिवीशिवाय वाचायला मिळणे ही मोठीच गोष्ट होती.

यातली एक बाब कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घ्यावी. पुरुषांची अनेक केंद्रे एचआयव्ही प्रतिबंधाच्या कार्यक्रमांतून उभी राहिली, कारण निधी तिथे होता. ज्याला 'ड्रॉप-इन सेंटर' म्हणतात तिथे तपासणी व्हायची, निरोध मिळायचे, आणि त्या निमित्ताने चार तास मोकळेपणाने बसता यायचे, नाचता यायचे, रडता यायचे. समलिंगी स्त्रिया मात्र या निधीच्या हिशेबात बसत नव्हत्या. त्यांना रात्री बागेत जाता येत नव्हते आणि दिवसा केंद्रही नव्हते. त्यांच्या भेटी कोणाच्या तरी घरी, विश्वासावर, गुपचूप व्हायच्या. म्हणून आजही समलिंगी स्त्रियांचे सामाजिक जीवन पुरुषांच्या मानाने कमी दिसते. त्यांची संख्या कमी असल्याचे ते लक्षण नाही.

वैर कसे चालते

पोलिसांच्या छळाविरुद्ध ११ ऑगस्ट १९९२ रोजी दिल्लीत पोलीस मुख्यालयासमोर 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या गटाने निदर्शने केली. समलिंगींच्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरून झालेले हे देशातले पहिले ज्ञात आंदोलन मानले जाते. १९९८च्या डिसेंबरात दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या 'फायर' चित्रपटासाठी मुंबईतल्या चित्रपटगृहांवर हल्ले झाले. २००१ मध्ये लखनौत समलिंगी पुरुषांमध्ये एचआयव्हीचे काम करणाऱ्या चार कार्यकर्त्यांना अटक झाली आणि त्यांना दीड महिन्याहून अधिक काळ तुरुंगात ठेवण्यात आले. आरोग्याची माहिती देणारी पुस्तिका बाळगणे हाच जणू गुन्हा होता.

पण वैर नेहमी लाठी घेऊन येत नाही. प्रा. रामचंद्र सिरस यांची हकिकत मराठी वाचकाने विसरू नये अशी आहे. ते नागपूर विद्यापीठात शिकलेले, मराठीचे कवी आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषासोबतचे त्यांचे चित्रण केले. घरात घुसणाऱ्यांनी गुन्हा केला होता, पण निलंबन प्राध्यापकांचे झाले आणि राहते घर सोडायलाही त्यांनाच सांगण्यात आले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. त्यांच्या आयुष्यावर 'अलीगढ' हा चित्रपट निघाला आहे.

यातल्या तारखा पाहा. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ लाच समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचे म्हटले होते. म्हणजे सिरस सरांवर संकट आले तेव्हा न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने होता आणि नंतर उच्च न्यायालयही त्यांच्याच बाजूने उभे राहिले. पण ज्या वसाहतीत ते वर्षानुवर्षे राहिले, तिथे ते एकटे पडले होते. आदेशाचा कागद हातात होता, पण रोज दार ठोठावून विचारपूस करणारा समाज भोवती नव्हता.

आज बाग आणि लोकलच्या डब्याची जागा बऱ्याच अंशी मोबाइलवरच्या अॅपने घेतली आहे. गावातल्या मुलालाही दहा किलोमीटरच्या आत आपल्यासारखे कोणी आहे हे कळते. पण जुनी खंडणी तिथेही पोहोचली आहे. गोड बोलून बोलवायचे, दोघातिघांनी मिळून मारायचे, व्हिडिओ काढायचा आणि घरी पाठवण्याची धमकी देऊन पैसे उकळायचे, हे प्रकार शहरोशहरी घडत आहेत. फसलेला मुलगा बहुतेक वेळा पोलिसांत जात नाही. कायदा आता त्याच्या बाजूने आहे आणि खंडणी उकळणारा गुन्हेगार आहे, हे त्याला माहीत नसते. माहीत असले तरी घरी कळण्याची भीती मोठी असते.

या वर्तुळातही जात आहेच

ज्यांना समाजाने नाकारले ते आपापसांत जात पाळत नसतील, असे कोणाला वाटेल. तसे नाही. मे २०१५ मध्ये मुंबईच्या एका वृत्तपत्रात एका आईने आपल्या समलिंगी मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात दिली. देशभर तिचे कौतुक झाले आणि आईच्या धैर्यासाठी ते योग्यही होते. पण त्याच जाहिरातीत जातीचे बंधन नाही असे म्हणून लगेच एका ब्राह्मण जातीला प्राधान्य दिले होते. लिंगाचे बंधन तुटले, तरी जातीचे शिल्लक राहिले.

मराठवाड्यातून शिकायला पुण्या-मुंबईला आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मुलाची गोष्ट घ्या. पार्टीचे तिकीट परवडत नाही. गटाच्या बैठकीत चर्चा इंग्रजीत चालते. अॅपवर ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात आडनाव विचारले जाते, मग राहण्याचा भाग, आणि मग संभाषण थंड पडते. दिल्लीतल्या समलिंगी पुरुषांच्या जागा आणि जात यांचा संबंध धीरेन बोरिसा या भूगोलाच्या अभ्यासकाने आपल्या संशोधनातून मांडला आहे. २०१५च्या दिल्ली प्राइड मोर्चात काही तरुणांनी आपण दलित आणि क्विअर दोन्ही आहोत असे उघडपणे सांगितले. जात सांगणे हेही त्यांच्यासाठी लपलेल्या अवस्थेतून बाहेर येणेच होते.

म्हणजे आपल्या वस्तीतल्या समलिंगी मुलासमोर दोन दारे बंद असतात. शहरातल्या मंडळात जात आड येते आणि वस्तीत लैंगिकता. पहिले दार उघडण्यासाठी दलित क्विअर कार्यकर्ते झगडत आहेत. दुसरे दार आपल्या हातात आहे.

बाबासाहेबांनी कोणाची वकिली केली होती?

"हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्या चळवळीचा याच्याशी काय संबंध?" हा प्रश्न वारंवार येतो. त्याचे एक उत्तर १९३४ सालच्या मुंबईत सापडते. रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना ते शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलैंगिकता हे विषयही त्यात असत. या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. हॅवलॉक एलिस या लैंगिकतेच्या अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार घेत, लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे आणि लोकांना या विषयाचे ज्ञान मिळाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. ज्या काळात सवर्ण सुधारकही या विषयापासून चार हात दूर राहत, त्या काळात बाबासाहेब तिथे उभे राहिले.

दुसरे उत्तर राज्यघटनेत आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संवैधानिक नैतिकतेबद्दल सांगितले. ती आपोआप उगवत नाही, ती रुजवावी लागते, असा त्यांचा आशय होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये या भाषणाचा आधार घेतला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाचाही संवैधानिक नैतिकता हा कणा आहे. बहुसंख्यांना काय आवडते यावर एखाद्याचे हक्क ठरत नाहीत, हे तत्त्व बाबासाहेबांनी आपल्यासाठी मिळवले. तेच आज समलिंगी माणसाच्या कामी आले आहे.

धम्मात काय आहे?

तरुण हा प्रश्न विचारतात, म्हणून थोडक्यात. पंचशीलातले तिसरे शील कामाचारातील गैरवर्तनापासून दूर राहण्याचे आहे. सुत्तपिटकात त्याचे स्पष्टीकरण येते ते विवाहित, पालकांच्या रक्षणाखालील अशा व्यक्तींशी संबंध न ठेवण्याबद्दल. गृहस्थांच्या समलिंगी प्रेमावर तिथे बंदी सांगितलेली नाही. विनयपिटकातले नियम भिक्खूंसाठी आहेत आणि तिथे कोणताही लैंगिक संबंध वर्ज्यच आहे. त्याच विनयात 'पंडक' म्हटलेल्या व्यक्तींना उपसंपदा नाकारणारा नियमही आहे. तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. तैवानमध्ये २०१२ साली भिक्खुणी चाओ-ह्वे यांनी दोन स्त्रियांचा विवाह बौद्ध पद्धतीने लावला आणि २०१९ मध्ये समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता देणारा तैवान आशियातला पहिला ठरला. थायलंडमध्ये असा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

आपण काय करू शकतो

भारतात विवाहाचा हक्क अजून मिळालेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो देण्यास नकार दिला. पण २२ मे २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने, घरच्यांनी अडवून ठेवलेल्या एका समलिंगी तरुणीची सुटका करताना, माणूस आपले कुटुंब स्वतः निवडू शकतो हे मान्य केले. सख्ख्या नात्याने टाकलेल्यांना मित्रमैत्रिणींनी, जोडीदाराने, तृतीयपंथीयांमध्ये गुरूने आधार देणे ही या समाजाची जुनी रीत आहे. तिला न्यायालयाने नाव दिले, इतकेच.

कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात, असे आम्ही सुचवतो.

१. कोणी विश्वासाने सांगितले तर ते आपल्यापाशीच ठेवा. दुसऱ्याची ओळख उघड करण्याचा हक्क कोणालाही नाही, चांगल्या हेतूनेही नाही.

२. "लग्न केले की ठीक होईल" हा सल्ला देऊ नका आणि कोणी देत असेल तर थांबवा. दोन आयुष्ये त्यात वाया जातात.

३. समलैंगिकता हा आजार नाही. 'बरे करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टर किंवा बाबाकडे मुलाला नेऊ देऊ नका. असे उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

४. खंडणी किंवा मारहाण झाली असेल तर मुलासोबत ठाण्यात जा. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. वकील आणि चार ओळखीची माणसे सोबत असली की ठाण्यातली भाषा बदलते, हा आपला जुना अनुभव आहे.

५. जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणून नोंदवण्यास मनाई नाही, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये कळवले आहे. बँकेत अडवणूक झाली तर हे दाखवा.

६. वस्तीतल्या वाचनालयात, अभ्यासिकेत, विहाराच्या सभागृहात या विषयावर एक सत्र ठेवा. त्या दिवशी कोणी उठून काही बोलणार नाही. पण मागच्या रांगेत बसलेल्या कोणाला तरी पहिल्यांदाच कळेल की इथे आपली शिवी होणार नाही.

महाडला आपण तळ्यावर गेलो ते केवळ पाण्यासाठी नव्हे, इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असे बाबासाहेबांनी सांगितले होते. सार्वजनिक जागेत न लपता उभे राहता येणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पिढ्यांच्या अनुभवातून कळलेले आहे. आपल्याच वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी आज अशी जागा शोधत शहराच्या दुसऱ्या टोकाला, अनोळखी माणसाच्या भरवशावर जात असेल, तर ती जागा घराजवळ उपलब्ध करून देणे हे आपले काम आहे.